आर्यभट शिकवायचा असेल तर आधी काठीची सावली मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भुदरगड तालुक्यातल्या शाळेत तुम्ही आठवीला गणित-विज्ञान शिकवता. विज्ञान दिनाला आर्यभटावर अर्धा तास बोलायचं आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरात त्याने शून्य शोधलं, गुरुत्वाकर्षण शोधलं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगितलं, असं बरंच काही आहे. यातलं खरं किती आणि मुलांना कंटाळा न येता ते कसं सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली शेवटची अठरा वर्षं दर मार्चला मुलांना घेऊन मैदानावर सावली मोजली. त्या अनुभवातून सांगतो.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते अडचण एकच आहे. आर्यभटाचं मोठेपण आपण विशेषणांनी सांगायला जातो, आणि मग विशेषणं कमी पडली की दावे वाढवतो. त्याने जे लिहिलंय ते करून बघण्याजोगं आहे. मुलांनी त्यातलं एक गणित जरी स्वतःच्या हाताने सोडवलं, तरी दाव्यांची गरज उरत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा वर्गात ‘आर्यभटाने शून्याचा शोध लावला’ असंच सांगत होतो. एका मुलीने विचारलं, “सर, त्यांनी शून्य कुठं लिहिलंय?” मला सांगता आलं नाही. त्या मे महिन्यात त्याचा ग्रंथ आर्यभटीय अर्थासह वाचायला बसलो, तेव्हा कळलं की तिचा प्रश्न बरोबर होता. आर्यभट संख्या अक्षरांनी लिहितो, तिथे शून्याचं चिन्ह नाही. पण गणितपादाच्या (पाद म्हणजे ग्रंथाचा भाग) दुसऱ्याच श्लोकात तो म्हणतो ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’, म्हणजे प्रत्येक स्थान आधीच्या दसपट. वर्गमूळ आणि घनमूळ काढायच्या त्याच्या रीतीही स्थानिक किमतीवरच चालतात. म्हणजे दशमान पद्धत त्याच्या हाताखालची होती. शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसा करायचा याचे नियम आपल्याला मिळतात ते पुढचा गणिती ब्रह्मगुप्त याच्याकडे, इसवी सन ६२८ मध्ये. आर्यभटाच्या सव्वाशे वर्षांनंतर.

बाकीचे दोन दावे लवकर आटपतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्याने स्वच्छ सांगितलं. सूर्याभोवती फिरते असं सांगितलं नाही, त्याच्या मांडणीत पृथ्वी मधोमध आहे. गुरुत्वाकर्षणासाठी जो ‘आकृष्टिशक्तिश्च मही’ (पृथ्वीला ओढून घेण्याची शक्ती आहे) हा चरण फिरवला जातो तो भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतला, म्हणजे ११५० सालचा. आर्यभटाने पृथ्वी गोल असून तिच्यावर सगळ्या बाजूंनी जीव राहतात हे सांगताना कदंबाच्या फुलाची उपमा दिली आहे. गोल गाठ आणि तिच्यावर चहूकडे फुललेले केसर. कदंब शाळेच्या आसपास असेल तर फूल दाखवा, नसेल तर फळ्यावर काढा. ती उपमा मुलांना एका नजरेत कळते.

चरित्रावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, कारण खात्रीची माहिती तेवढीच आहे. कलियुगाची ३,६०० वर्षं झाली तेव्हा आपल्याला २३ वर्षं पूर्ण झाली होती, असं तो स्वतः सांगतो. ते साल येतं ४९९, म्हणून जन्म ४७६. आपल्या ज्ञानाचा आदर कुसुमपुरात होतो असं तो म्हणतो. कुसुमपूर म्हणजे पाटलीपुत्र, आजचं पाटणा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आर्यभटीयाचा भाष्यकार पहिला भास्कर (वरचे भास्कराचार्य वेगळे) त्याला अश्मक देशाशी जोडतो. अश्मक बरेच जण गोदावरीच्या खोऱ्यात धरतात, त्यामुळे आपल्याकडे तो ‘आपला’ म्हणायचा मोह होतो. तेवढा मोह टाळा. आणि नाव ‘आर्यभट’ लिहा, ‘आर्यभट्ट’ नको. त्याच्याच श्लोकात ते ‘आर्यभट’ आहे, आणि एक मात्रा वाढवली की छंद मोडतो.

ग्रंथ जेमतेम १२१ श्लोकांचा. एवढ्यात अंकगणित, बीजगणित, ‘ज्या’ (आजचा साइन), कालगणना, ग्रहगती, ग्रहणं सगळं. जागा इतकी कमी, म्हणून संख्यासुद्धा अक्षरांत कोंबलेल्या. क म्हणजे १, ख २, असं म म्हणजे २५ पर्यंत. मग य ३०, र ४०, पुढे ह १००. स्वर पट सांगतात: अ म्हणजे एक पट, इ शंभर पट, उ दहा हजार पट, ऋ दहा लाख पट. युगातल्या वर्षांची संख्या ४३,२०,००० त्याने ‘ख्युघृ’ या दोन अक्षरांत लिहिली. खु वीस हजार, यु तीन लाख, घृ चाळीस लाख, करा बेरीज. आठवीच्या मुलांना हे फार आवडतं. प्रत्येकाला आपापल्या नावाची संख्या काढू द्या. कपिल नावाचा मुलगा असेल तर १ अधिक २,१०० अधिक ५०, म्हणजे २,१५१. दहा मिनिटं वर्ग गुंगून जातो आणि स्थानिक किंमत न शिकवता शिकवून होते.

आता मुख्य गोष्ट, सावली. यासाठी विज्ञान दिन थोडा लवकर पडतो. भाषण तेव्हा करा, पण मैदानावरचं काम २० किंवा २१ मार्चला ठेवा, दिवस-रात्र समान असतात तेव्हा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून भरदुपारी तो आपल्या डोक्यापासून जेवढा दक्षिणेला झुकलेला दिसतो तेवढेच आपले अक्षांश. हिशेबात दुसरं काही मिसळावं लागत नाही.

आर्यभटानेच साहित्याची यादी दिली आहे: वर्तुळ कंपास फिरवून काढावं, जमीन सपाट आहे का ते पाण्याने बघावं, काठी उभी आहे का ते ओळंब्याने बघावं. हा श्लोक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या गल्लीत घर बांधणारा गवंडी रोज हेच करतो. गावातल्या गवंड्यालाच शाळेत बोलवा, त्याचा ओळंबा आणि लेव्हल घेऊन. मी दरवर्षी बोलावत असे. आपली हत्यारं दीड हजार वर्षांपूर्वीच्या श्लोकात आहेत हे त्याला मुलांसमोर सांगितलं की तो इतक्या मनापासून काठी उभी करतो की विचारू नका.

काठी बरोबर १०० सेंटिमीटर घ्या. आपल्याकडे खरी मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणून सूर्य अर्धा तास मागे. मार्चमध्ये त्यात आणखी सात मिनिटांची भर. तेव्हा १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास सावली सगळ्यात लहान असते. १२.२० पासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा आणि सगळ्यात लहान सावली धरा. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली असेल तर पालकांना आधी सांगून मुलांना थांबवून घ्या. पाणी आणि टोप्या विसरू नका, ऊन कडक असतं.

एक अडचण हमखास येते. टोकाची कड पुसट दिसते, कारण सूर्य ठिपका नसून थाळी आहे. एक मीटरच्या काठीला साधारण एक सेंटिमीटरचा पुसट पट्टा येतो. त्याच्या मधोमध खूण करायची. काही मुलं गडद कडेवर खूण करतात, काही फिकट कडेवर, आणि भांडण लागतं. ते लागू द्या, मोजमाप म्हणजे काय हे तिथेच कळतं.

कोल्हापूर शहरात ही सावली ३० सेंटिमीटर येते. मग आर्यभटाची रीत: काठीचा वर्ग अधिक सावलीचा वर्ग, त्याचं मूळ म्हणजे कर्ण. १०,९०० चं मूळ १०४.४. आता वर्तुळाची त्रिज्या ३,४३८ धरायची (ही कुठून आली ते पुढे सांगतो) आणि त्रैराशिक मांडायचं: कर्ण १०४.४ असताना सावली ३०, तर ३,४३८ असताना किती? उत्तर ९८८. ही आपल्या अक्षांशांची ज्या.

ज्या म्हणजे साइन हे आठवीला सांगायची गरज नाही. त्याच्या कोष्टकात शोधा म्हणावं. गीतिकापादातल्या एका श्लोकात २४ संख्या आहेत, ‘मखि भखि फखि धखि णखि’ अशा सुरू होणाऱ्या. मखि म्हणजे म २५ अधिक खि २००, म्हणजे २२५. भखि २२४, फखि २२२, धखि २१९, णखि २१५. दर पावणेचार अंशाला ज्या किती वाढते ते हे आकडे सांगतात. बेरीज करत जायचं. चार संख्यांची बेरीज ८९०, ती १५ अंशांची ज्या. त्यात पाचवी, २१५, मिळवली की १,१०५, ती पावणेएकोणीस अंशांची. आपलं ९८८ या दोन्हींच्या मध्ये. ८९० च्या वर ९८ उरले. एका अंशाच्या ६० कला, म्हणून पावणेचार अंश म्हणजे २२५ कला. २१५ ला २२५ कला, तर ९८ ला किती? १०२ च्या थोडं वर, म्हणजे १ अंश ४२ कला. एकूण १६ अंश ४२ कला.

नकाशात कोल्हापूरचे अक्षांश बघा. १६ अंश ४२ कला.

मी हे अठरा वेळा केलं, आणि आकडा फळ्यावर उतरतो तेव्हा दरवेळी वर्ग आधी गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, “सर, जुळलं की!” हे जुळणं मुलांच्या हातचं असतं. ओळंबा त्यांनी धरलेला, खूण त्यांनी केलेली, कोष्टक आर्यभटाचं. पहिल्या प्रयत्नात कलेपर्यंत जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली की उत्तर पाव अंशाने हलतं, म्हणजे जमिनीवर जवळजवळ तीस किलोमीटर. सावली साडेएकोणतीस भरली तर कोल्हापूर सरकून निपाणीजवळ जातं. मुलांना ते तसंच सांगा, चुकीला गावाचं नाव मिळालं की ती लक्षात राहते. तुमची शाळा गारगोटीच्या बाजूला असेल तर तुमचं उत्तर तीस येणारच नाही, २९.३ च्या आसपास येईल. तीस यावं म्हणून खूण हलवू नका. त्याच दिवशी शहरातल्या एखाद्या शाळेला मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.

आता ३,४३८. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येकाच्या ६० कला, मिळून परीघ २१,६०० कला. परीघ एवढा तर त्रिज्या किती? त्यासाठी परीघ आणि व्यासाचं गुणोत्तर हवं, आणि ते त्याने दिलंय: २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२. म्हणजे ३.१४१६. श्लोकातला माझ्या जिवाचा शब्द ‘आसन्न’. जवळचा. हा परीघ अगदी तंतोतंत नाही, जवळचा आहे, हे तो स्वतः नोंदवतो. तेविसाव्या वर्षी एवढं अचूक मूल्य देताना ‘जवळचं’ म्हणायला विसरत नाही, हे मी प्रत्येक तुकडीला सांगितलं आणि सांगताना माझा गळा भरून आला आहे.

मैदान मोठं असेल तर खुंटी ठोकून दहा मीटरच्या दोरीने फक्कीचं वर्तुळ काढा आणि कडेने टेप लावून परीघ मोजा. बावीस सप्तमांशाने ६२.८५७ मीटर यायला हवा, आर्यभटाने ६२.८३२. फरक अडीच सेंटिमीटरचा. खरं सांगायचं तर फक्कीच्या जाड रेघेवर हा फरक पकडता येत नाही. त्यासाठी सिमेंटचं अंगण आणि खडूची बारीक रेघ हवी. तशी जागा नसेल तर हा भाग सोडून द्या, अर्धवट करून मुलांचा विश्वास घालवू नका.

पृथ्वीच्या फिरण्याबद्दल त्याचा दृष्टान्त नावेचा आहे: नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. नृसिंहवाडीला कृष्णेच्या पात्रात नावेत बसलेलं मूल वर्गात एखादं तरी असतं, त्यालाच उभं करून विचारा काय दिसतं ते. त्यामागचे आकडेही आहेत. एका महायुगात (वर आलेलं ४३,२०,००० वर्षांचं युग) पृथ्वीच्या फेऱ्या १,५८,२२,३७,५०० आणि दिवस १,५७,७९,१७,५००. वजाबाकी करा: ४३,२०,०००, म्हणजे बरोबर वर्षांची संख्या. दिवसांपेक्षा फेऱ्या वर्षाला एकने जास्त. दिवसांना फेऱ्यांनी भागून २४ तासांनी गुणलं की एका फेरीला २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंद लागतात, आणि आजचं मोजमापही एवढंच आहे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मुलं हे दोन मिनिटांत करतात. त्याचं वर्ष मात्र आजच्या नाक्षत्र (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) वर्षापेक्षा तीन मिनिटं वीस सेकंदांनी मोठं आहे, तेही सांगा. खगोलज्ञ वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त या दोघांनी पृथ्वीचं फिरणं मानलं नाही. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी घरट्याला परत कसे येतील, असा वराहमिहिराचा आक्षेप. पुढच्या काही भाष्यकारांनी तर श्लोकातला ‘भू’ बदलून तिथे ‘भं’, म्हणजे तारकामंडळ, असा पाठ घेतला. आक्षेप वर्गासमोर ठेवा आणि उत्तर मुलांकडून काढा. एसटीत चेंडू सरळ वर उडवला तर कुठे पडतो, इथपर्यंत ती आपण होऊन येतात.

त्याच्या चुकाही सांगा, हा माझा आग्रह आहे. सूचीचं (पिरॅमिडचं) घनफळ तो पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीच्या निम्मं देतो. खरं तर एक तृतीयांश. पुढे ब्रह्मगुप्ताने एक तृतीयांश दिलं. पुठ्ठ्याची सूची आणि तेवढ्याच पायाची, तेवढ्याच उंचीची पेटी करा, वाळू भरून बघा. दोन मापांत पेटी भरत नाही, तीन लागतात. आर्यभटाला तपासून चूक काढणारा आठवीचा मुलगा त्याचा जास्त आदर करायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका सहकाऱ्यांना हे आवडलं नव्हतं, थोरांच्या चुका मुलांसमोर नकोत म्हणाले. मी ऐकलं नाही, आणि तुम्हीही ऐकू नये असं मला वाटतं.

कोल्हापूरच्या मुलांसाठी अजून एक विषय हाताशी आहे, किरणोत्सव. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मूर्तीपर्यंत येतात. वर्षातून दोनदाच का आणि याच तारखा का? कॅलेंडरवर मोजायला लावा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. जाताना आणि येताना सूर्य त्याच जागी मावळतो, नेमक्या पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला. सूर्य क्षितिजावर किती सरकून उगवेल-मावळेल याला अर्काग्रा म्हणतात आणि तिची रीत गोलपादात आहे. आपल्या अक्षांशांची किंमत घालून ती चालवली की सव्वाअठरा-साडेअठराच्या दरम्यान उत्तर येतं. थोडं जास्त येतं, कारण तो सूर्याचं परमक्रांतिमान (विषुववृत्तापासून सूर्य जास्तीत जास्त जेवढा सरकतो ते) २४ अंश धरतो आणि आज ते साडेतेवीसच्या किंचित खाली आहे. देऊळ आर्यभटाच्या सूत्रावरून बांधलं, असं मात्र म्हणू नका. सूत्र लागू पडतं, एवढंच आपण दाखवतोय.

अर्ध्या तासासाठी माझी वाटणी अशी: पाच मिनिटं चरित्र, दहा मिनिटं नावांच्या संख्या, दहा मिनिटं नावेचा दृष्टान्त आणि फेऱ्यांचा तो भागाकार, उरलेल्या वेळात मार्चमधल्या मोजणीसाठी गट. अर्काग्रा आणि कोष्टक नववी-दहावीला जास्त पेलेल. वर्गात हुशार चार-पाचच असतील तर त्यांना कोष्टकावर बसवा आणि बाकीच्यांना मैदानावरचं काम द्या, उलट करू नका.

२१ मार्चला ढग आले तर एक-दोन दिवस मागेपुढे चालेल, पण सावली दिवसाला पाऊण सेंटिमीटरने बदलते, तेवढी दुरुस्ती करा: समदिनाआधी मोजली तर वजा, नंतर मोजली तर अधिक. काठी जिथे रोवली तिथे पक्की खूण ठेवा, आणि नोंदवहीत खाली एक पान मोकळं सोडा. मुलांनी काढलेल्या अक्षांशांइतका सूर्य उत्तरेला आला की तो थेट डोक्यावर येणार. कोल्हापुरात तो दिवस ६ मेच्या सुमारास, तुमच्याकडे एक-दोन दिवस आधी. तेव्हा सुट्टी असते, पण शाळेजवळ राहणारी दोन-तीन मुलं साडेबाराला येतातच. त्यांना तीच काठी त्याच खुणेवर उभी करायला सांगा. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी जाते आणि मिनिटभर दिसेनाशी होते.